पाठीमागे उमललेलं फूल

तारीख 30 मार्च, सकाळचे दहा. प्रागमधल्या एका घराच्या बागेत फॉर्सिथियाचं पहिलं फूल उमलतं. तीन दिवस त्या एका टपोऱ्या कळीवर डोळा ठेवून असलेल्या बागमालकाची नेमकी त्या क्षणी झाडाकडे पाठ असते. पाऊस येतोय का, म्हणून तो आभाळ न्याहाळत असतो. कारेल चापेक यांच्या ‘माळ्याचं वर्ष’ या पुस्तकातलं कळ्यांवरचं प्रकरण असं सुरू होतं. मूळ चेक पुस्तक, ‘झाहरादनीकूव रोक’, 1929 साली आलं. दोन वर्षांनी त्याचा इंग्रजी अनुवाद झाला. चेक न येणारे आपण ते इंग्रजीतून वाचतो.

वसंतावर लिहिणारे बहुतेक लेखक फूल उमलल्यावर तिथे पोचतात. चापेक तीन दिवस आधी पोचलेले असतात, म्हणून त्यांचा तो क्षण हुकतो. ज्याने वाटच पाहिली नाही त्याचं काही हुकत नाही. चापेक पेशाने पत्रकार होते, ‘लिदोव्हे नोव्हिनी’ या दैनिकात 1921 पासून काम करत होते. तारीख, वार, वेळ, घटनास्थळ ही बातमीदाराची शिस्त ते इथे एका झुडपाला लावतात आणि त्या उमलण्याला इतिहासातल्या घटनेचा मान देतात. तो मान देताना त्यांचा आवाज कुठेही खोटा होत नाही. बातमी खरी आहे, महत्त्वाची आहे, फक्त बातमीदार त्या वेळी दुसरीकडे बघत होता.

फॉर्सिथिया हे थंड मुलखातलं झुडूप. पान फुटायच्या आधी त्याच्या उघड्या फांद्या पिवळ्याधमक फुलांनी भरून जातात, आपल्याकडे पळस आणि पांगारा भरतात तशाच. हिवाळाभर गोठलेल्या बागेत रंगाचा पहिला मान बऱ्याचदा त्याचा असतो. त्यामुळे ही कळी ‘एक कळी’ राहत नाही. तिच्यामागे डिसेंबरपासूनचा राखाडी रंग आहे, कुदळ न रुतणारी जमीन आहे, जानेवारीत खिडकीच्या काचांवर उमटणाऱ्या हिमाच्या फुलांकडे बघत काढलेले दिवस आहेत. पुस्तकातलं वर्ष जानेवारीपासून सुरू होतं, म्हणून मार्चअखेरीला येईपर्यंत वाचकानेही ती वाट पाहिलेली असते. हे रचनेचं कसब आहे. फुलाचं वर्णन न करता फुलाची भूक वाढवत नेणं हे चापेकनी आधीच्या तीन महिन्यांत केलेलं असतं.

त्या प्रकरणात पुढे काय होतं ते बघण्यासारखं आहे. चापेक म्हणतात की वसंत बघायला गावंच्या गावं पालथी घालणाऱ्यापेक्षा आपल्या हातभर बागेत बसलेल्या माणसाला तो जास्त दिसतो. अट एकच, त्याने थांबायला हवं. आणि मग ते थांबतात. वाक्यांची चाल बदलते. इतका वेळ पळणारं, स्वतःशी पुटपुटणारं गद्य एकदम संथ होतं. कळी जवळ येते. तिच्यात त्यांना किंचित विलगलेले ओठ दिसतात, चोरटे डोळे दिसतात, तान्ह्या मुलाची नाजूक बोटं दिसतात, आणि लगेच त्या नाजूकपणाच्या आत जगण्याचा बंडखोर हट्ट दिसतो. कोवळेपणा आणि हट्ट एकाच वस्तूत बघणं सोपं नाही. कळीबद्दल लिहिणारे एक तर तिला लाडावतात किंवा तिच्यावर तत्त्वज्ञान लादतात. चापेक तिला बघतात.

थांबल्यावर काही ऐकूही येतं. कळ्यांचं संचलन. पलटणीमागून पलटण निघावी तशा कळ्या निघाल्या आहेत, फॉर्सिथिया पुढे कर्णे फुंकतंय, आणि सगळ्या बागेत एक न संपणारी पावलांची गाज भरून राहिली आहे. ही प्रतिमा मला पुस्तकातली सर्वांत धाडसी वाटते. पहिलं महायुद्ध संपून जेमतेम दहा वर्षं झाली होती. संचलन हा शब्द त्या पिढीच्या युरोपात निष्पाप राहिलेला नव्हता. याच लेखकाने पुढे 1937 मध्ये ‘पांढरा रोग’ आणि 1938 मध्ये ‘आई’ ही नाटकं लिहिली, दोन्ही युद्धाच्या सावलीतली. अशा माणसाने बागेत बसून बँडबाजासकट एक कूच काढावी, आणि ती कुणालाही न चिरडणारी असावी! सैन्याची ताकद, शिस्त, थोपवता न येणं हे सगळं त्याने कळ्यांना दिलं.

चापेक म्हटलं की जगाला ‘आर. यू. आर.’ हे 1920 चं नाटक आठवतं. ‘रोबोट’ हा शब्द त्या नाटकातून जगभर गेला. तो सुचवला होता कारेलचे थोरले भाऊ, चित्रकार योझेफ यांनी. त्या नाटकात माणसाची सगळी कामं यंत्रमाणसं करू लागतात, माणसाला हात हलवायची गरज उरत नाही, आणि मग माणसांना मुलं होणंच थांबतं. श्रम गेले आणि त्यांच्यामागोमाग जननशक्तीही गेली. हे नाटक लिहिणाऱ्याने नऊ वर्षांनी असं पुस्तक लिहिलं, ज्यातला माणूस कुणीही न सांगता, पैशाविना, कंबर मोडेपर्यंत राबतो आणि त्याच्याभोवती सगळं काही अंकुरत असतं. ही दोन पुस्तकं मी शेजारी शेजारी ठेवून वाचते. पहिल्यात जो प्रश्न आहे त्याचं उत्तर चापेकनी वाफ्यात दिलं असं मला ठामपणे वाटतं.

1925 मध्ये दोघे भाऊ प्रागच्या विनोह्राडी भागात एका जोडघरात राहायला आले. अर्धं घर कारेलचं, अर्धं योझेफचं, आणि सोबत बाग. दर शुक्रवारी कारेलच्या घरी लेखक-विचारवंतांची बैठक भरे, तिला खुद्द राष्ट्राध्यक्ष मासारिक येत. पुस्तकात यातलं काही नाही. देशाचा अध्यक्ष पाहुणा म्हणून येणाऱ्या घराच्या बागेतून लिहिलेल्या पुस्तकात मोठी माणसं नाहीत; मावा आहे, गोगलगाय आहे, रबरी नळी आहे. नळीवर तर त्यांनी पानं खर्च केली आहेत, आणि योझेफची चित्रंही आहेत. पाणी घालायला गेलेल्या माणसाच्या पायाला वेटोळे घालणारं ते जनावर, शेवटी वाफा सोडून त्यालाच भिजवणारं. घरी नळी वापरणाऱ्या प्रत्येकाला ते पान ओळखीचं वाटेल.

पुस्तकाची खरी गंमत शरीरात आहे. एका प्रकरणात चापेक माळी नावाच्या प्राण्याची शरीररचना सांगतात. पाय दुमडता येतात, मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं, गुडघे टेकता येतात. बोटं बी पेरायला भोकं पाडतात. तळवे ढेकळं फोडतात. नडते ती एकच गोष्ट, पाठ. ती पुरेशी वाकत नाही. गांडुळाला पाठ नसते, ते किती सुखी! माळ्याच्या पाठीचा उपयोग मधूनमधून ती सरळ करून कण्हण्यापुरताच. दुरून बघणाऱ्याला त्याचा वरचा भाग म्हणून डोकं दिसत नाही, डोकं गुडघ्यांच्या मध्ये कुठेतरी असतं. इतर माणसं उंच दिसायला धडपडतात, हा स्वतःची घडी घालून निम्मा होतो.

वाचणारा हसतो, आणि हसावंच. पण या पानाला आणखी एक बाजू आहे. चापेकना तरुणपणापासून मणक्याचा आजार होता. त्यामुळेच त्यांना पहिल्या महायुद्धात सैन्यात घेतलं नाही. ज्याला मान वळवणंसुद्धा सुखाचं नव्हतं त्या माणसाने न वाकणाऱ्या पाठीवर हे लिहिलं आहे. पुस्तकात आजाराचा उल्लेख नाही, तक्रारीचा सूर नाही. स्वतःचं दुखणं त्यांनी सगळ्या माळ्यांना वाटून टाकलं, म्हणजे ते दुखणं एकट्याचं राहिलं नाही. हे कळल्यावर पान पुन्हा वाचलं की विनोद कमी होत नाही. त्याच्याखालचं औदार्य दिसू लागतं.

आणि हे वाकणं नुसता विनोदाचा विषय म्हणून येत नाही. ती या पुस्तकाची पाहण्याची जागा आहे. सगळं जमिनीपासून वीतभर उंचीवरून दिसतं. आपल्या दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त (1956) चैत्रापासून बारा महिने येतात, तिथली नजर हिंडणारी आहे, झाडाखाली उभं राहून वर बघणारी, जे आपलं नाही त्यावर जीव लावणारी. तो वसंत स्वतःहून येतो आणि लेखिका त्याचं स्वागत करते. चापेकचा वसंत त्यांच्या नखांतल्या मातीतून येतो. दोन्ही वसंत खरे. मला दोन्ही हवेत. पण घरची बाग करणाऱ्याला पहिल्यापेक्षा दुसऱ्याची पडताळणी रोज करता येते, कारण त्याचीही मान खालीच असते.

एप्रिलचं प्रकरण हे या वाकलेल्या नजरेचं शिखर. चापेकच्या हिशेबी एप्रिल हाच माळ्याचा खरा महिना. मे महिन्यात फुलं बघत फिरायचं ते प्रेमिकांनी. इथे दोन गोष्टी एकमेकींत गुंतवल्या आहेत. एक म्हणजे अंकुरणं. बी जमीन उचलतं, टरफल टोपीसारखं डोक्यावर घेऊन वर येतं, आणि इतक्या मऊ देठाला एवढं ढेकूळ उचलायची शक्ती कुठून आली हे कळत नाही. दुसरी म्हणजे लावणं. हौसेहौसेने मित्रांकडून, रोपवाटिकांकडून मागवलेली रोपं एके दिवशी घरात येऊन ठाकतात, शंभराच्या वर, आणि सगळी आताच्या आता मातीत जायला हवीत. मुळं सुकत चाललेलं एक रोप तळहातावर धरून माणूस बागेत फिरतो. इथे शेवंती आहे. तिथे फ्लॉक्स पसरलाय. त्या कोपऱ्यात कंपानुला. इथे मोकळं दिसतंय, खुरपं घालावं तर खालून काहीतरी उगवतंय. शेवटी बोटभर जागा सापडते, रोप लागतं, आणि दोन दिवसांनी कळतं की खाली दुसरंच झोपलं होतं.

या परिच्छेदाची लय बघा. चापेक वनस्पतींची नावं रांगेने टाकतात, आणि प्रत्येक नाव एक अडथळा आहे. याद्या देऊन वाचकाला कंटाळा आणणारी बागकामाची पुस्तकं पुष्कळ असतात. इथे यादी चालते, धापा टाकते, वळते, परत फिरते. वाचणाऱ्याला त्यातली निम्मी नावं माहीत नसली तरी तळहातावरचं सुकत चाललेलं रोप त्याला जाणवत राहतं. मराठी वाचकाने तिथे हवी तर आपली नावं घालावीत: इथे निशिगंधाचे कंद आहेत, तिथे सोनटक्का पसरलाय, या कुंडीत काही नाही असं वाटतंय पण भुईचाफा आहे. लय टिकते.

भुईचाफ्याचं नाव सहज आलेलं नाही. थंडीत त्याची पानं जातात आणि कुंडी पार रिकामी दिसते. त्याला ओळखत नसलेलं घरातलं कुणीतरी त्याच कुंडीत दुसरं रोप खोचायला निघतं. आणि मग चैत्र-वैशाखात पानाचा पत्ता नसताना जमिनीतून थेट जांभळट पांढरं सुवासिक फूल उभं राहतं. चापेकच्या एप्रिलची सगळी भीती आणि सगळं नवल त्या एका कुंडीत मावतं. भीतीचा भाग त्यांनी फार खरा लिहिला आहे. मातीखालचा कोंब पायाखाली किंवा खुरप्याखाली मोडला की माळ्याला होणारी शरम, पोटात पडणारा खड्डा, त्याचा तो गुन्हेगारासारखा चेहरा. बाहेरच्याला हे अति वाटेल. ज्याच्या हातून कंद चिरला गेलाय त्याला वाटणार नाही.

आपला वसंत त्यांच्या वसंताहून वेगळा, हे सांगायलाच हवं. प्रागला हिवाळा झाडांना झोपवतो. दख्खनच्या पठारावर हे काम माळ्यालाच करावं लागतं. मोगऱ्याची छाटणी थंडीत होते, मग त्याचं पाणी तोडतात, ताण देतात, आणि थंडी ओसरली की खत-पाणी देऊन त्याला उठवतात. नव्या फुटीवर कळ्या धरतात आणि चैत्रात संध्याकाळी त्या उमलू लागतात. तिथे बर्फ करतो ते इथे आपण झारी आवरती घेऊन करतो. हिरव्या झाडाला पाणी न घालता राहणं ही शिकावी लागणारी गोष्ट आहे. हात सारखे झारीकडे जातात. चापेकच्या माळ्याला हे संयमाचं शिक्षण फेब्रुवारी देतो. तो अधीर आहे, जमीन कडक आहे, आणि ऋतू आपल्या घाईने येत नाही हे त्याला दर वर्षी नव्याने कळतं.

आता माती. चापेकचा आवडता सिद्धान्त असा की खरा माळी फुलं वाढवत नाही, माती वाढवतो. तो जमिनीत राहतो. जमिनीवर काय आहे ते बघायचं काम तो रिकामटेकड्यांवर सोपवतो. असा माणूस स्वर्गातल्या बागेत गेला तर तो नाकाने हुंगेल आणि तिथल्या काळ्याभोर मातीने वेडा होईल. ज्ञानाच्या झाडाचं फळ खायचं तो विसरेल. त्या झाडाला नीट आळं केलेलं नाही हे मात्र त्याच्या लक्षात येईल, आणि डोक्यावर काय लटकतंय याचं भान न ठेवता तो आळं करायला बसेल. देव हाक मारेल तेव्हा सांगेल, आलोच. या कल्पनेतला धीटपणा मला दर वेळी आनंद देतो. आदमाच्या कथेत पतन आहे ते मोहामुळे. चापेकच्या माळ्याला मोह नाही असं नाही, पण त्याचा मोह मातीचा आहे; फळाकडे बघायला त्याला सवड नाही. तो स्वर्गातून हाकलला जाणारच नाही, कारण तो कामात आहे.

चांगल्या मातीचं त्यांनी केलेलं वर्णन चाखता येतं. ती फार चिकट नसावी, फार कोरडी नसावी, थंडगार ओली नसावी, कच्ची नसावी. पावासारखी, केकसारखी, फुगून आलेल्या पिठासारखी असावी. कुदळीखाली फुटावी पण पचपचू नये. हे शब्द स्वयंपाकघरातले आहेत. शेतकऱ्याच्या भाषेत ही वाफशावर आलेली जमीन. आणि इथे चापेक एक गोष्ट गंभीरपणे म्हणतात: हातभर का होईना, एखादा वाफा स्वतःचा असल्याशिवाय आपण कशावर चालतो हे माणसाला कळत नाही. आकाशातल्या ढगांतही इतकी विविधता नाही, इतकं सौंदर्य आणि इतकं भय नाही, जितकं पायाखालच्या मातीत आहे. मे महिन्याच्या फुलांचं कौतुक करताना ते इतके उंच गेलेले नाहीत. उंचीचे शब्द त्यांनी मातीसाठी राखून ठेवले.

पुस्तकातली माळ्याची प्रार्थना बागप्रेमींना फार आवडते, आणि ती आवड रास्त आहे. देवा, रोज पाऊस पाड, पण रात्री बारा ते पहाटे तीन. हळू पाड, कोमट पाड, म्हणजे मुरेल. मात्र लव्हेंडरवर आणि कोरडं मानवणाऱ्या आणखी अमुक अमुक झाडांवर पाडू नकोस, ती कोणती ते तुझ्या अगाध ज्ञानाला ठाऊकच आहे, हवं तर कागदावर लिहून देतो. ऊन दिवसभर दे, पण सगळीकडे नको. दव भरपूर, वारा थोडा, गांडुळं पुष्कळ, मावा आणि गोगलगाय नको, भुरी नको, आणि आठवड्यातून एकदा आकाशातून पातळ खत पडू दे. रचना पाहिली तर प्रत्येक मागणीमागून एक अपवाद येतो. सगळ्यांचं भलं कर एवढंच म्हणून ही प्रार्थना भागत नाही, कारण एकाचं भलं दुसऱ्याच्या मुळांना कुजवतं. बाग करणारा माणूस जगाकडे असंच बघायला शिकतो, रोपागणिक, नावानिशी. म्हणून ही प्रार्थना मला विनोदाच्या कपड्यातली अस्सल प्रार्थना वाटते. कुणासाठी काय मागायचं हे त्याला नेमकं माहीत आहे.

एप्रिलनंतर श्रमिकांच्या सणाचं, एक मेचं, प्रकरण येतं. ते छोटं आहे आणि वाचक ते ओलांडून पुढे जातात, ही खंत वाटते. तिथे चापेक श्रमाची आरती ओवाळत नाहीत. माणूस बागेत खपतो तो श्रम थोर म्हणून खपत नाही. कंपानुला फुलावा, दगडफोडी सॅक्सिफ्रेज तगावं म्हणून खपतो. काम त्या गोष्टीच्या प्रेमापोटी असावं. ‘आर. यू. आर.’ इथे पूर्ण होतं असं मी म्हणते ते यासाठी. कोणते श्रम यंत्राला द्यावेत याची चर्चा आजही चालू आहे, आणि त्या चर्चेत या दोन-चार पानांना जागा असायला हवी.

सगळं पुस्तक एका तोलाचं नाही. निवडुंगवाल्यांवरचं प्रकरण हौशी पंथाची ओळख करून देतं आणि तिथेच थांबतं. भाजीपाल्याबद्दल तर चापेकना मनापासून काही वाटत नाही. पिकवलेले मुळे संपवायचे कोणी, हाच तिथला मुद्दा. ऑगस्टमध्ये सुटीवर गेलेला माळी मित्राला रोज पत्र पाठवून पाणी कसं घालायचं ते सांगतो, तो भाग मात्र चुकवू नये. बाहेरगावी जाताना शेजारच्यांना कुंड्यांच्या सूचना लिहून देणारी प्रत्येक व्यक्ती त्या पत्रांत सापडेल.

नोव्हेंबरला पुस्तक आपला सगळ्यात मोठा डाव टाकतं. आपण म्हणतो, निसर्ग निजायला गेला. चापेक म्हणतात, दुकानाच्या फळ्या तेवढ्या लावल्यात, आत नवा माल उलगडणं चाललंय, मांडण्या ओझ्याने वाकल्यात. एप्रिलमध्ये जे फुटणार ते आताच तयार आहे. डोळे मातीखाली आणि सालीखाली बसलेत. आणि जे आता तयार नाही ते एप्रिलमध्येही येणार नाही. वसंताचं मूळ त्यांनी शरदात नेऊन ठेवलं. ही कवीची कल्पना नाही, वनस्पतिशास्त्र आहे. थंड प्रदेशातल्या कित्येक झुडपांच्या फुलकळ्या आदल्या उन्हाळ्यात-शरदातच घडलेल्या असतात, फॉर्सिथियाच्याही. म्हणजे मार्चमध्ये ज्या कळीवर तीन दिवस पहारा होता ती कित्येक महिने तिथेच होती. उशिरा आला होता पहारेकरी.

शेवटचं प्रकरण माळ्याच्या आयुष्यावर आहे. माळी पुढच्या काळावर जगतो. गुलाब यंदा बरे आले, पुढच्या वर्षी आणखी बरे येतील. दहा वर्षांत हे रोपटं झाड होईल, ती दहा वर्षं एकदाची सरली तर बरं! पन्नास वर्षांनी हे बर्च कसे दिसतील, बघायला मिळायला हवं. उत्तम ते अजून पुढेच आहे, आणि देवाच्या कृपेने आपण त्याच्या आणखी एक वर्ष जवळ आलो. म्हातारं होण्याची घाई असलेलं याहून आनंदी पान मी वाचलेलं नाही.

चापेकना ती दहा वर्षं मिळाली नाहीत. म्युनिकच्या कराराने त्यांच्या देशाचे लचके तोडले, आणि तीन महिन्यांच्या आत, 25 डिसेंबर 1938 रोजी ते गेले, वयाच्या 48 व्या वर्षी. 1939 च्या सप्टेंबरमध्ये नाझींनी योझेफना पकडलं. 1945 मध्ये बेर्गन-बेल्सनच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. हे ठाऊक असलेला वाचक शेवटच्या पानावर अडखळतो. तरी त्या पानावर दया करायचं कारण नाही. लिहिणाऱ्याला पुढचं माहीत नव्हतं हे खरं, पण त्याने आपला आनंद ‘बघायला मिळेलच’ या खात्रीवर उभा केलेला नव्हता. फॉर्सिथिया पाठीमागे उमलतं हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. आनंद त्याला तीन दिवसांच्या पाळतीत मिळत होता, वाकलेल्या पाठीत, हुंगलेल्या मातीत, आणि तो त्याने जगून घेतला होता.

योझेफची चित्रं या वाचनात बाजूला पडू देऊ नयेत. मोजक्या रेषा, बहुतेक ठिकाणी एक वाकलेला माणूस. चेहऱ्याला फारसा भाव नसतो. भाव पाठीच्या बाकात असतो. भावाचं दुखणं जवळून पाहिलेल्या हाताने तो बाक काढलेला आहे, आणि त्यात करुणा जितकी आहे तितकीच मजा. मजकूर वाचून झाला की नुसती चित्रं परत चाळावीत.

कोणत्या महिन्यात हे पुस्तक हाती घ्यावं, असं विचाराल तर चैत्रात घेऊ नये. तेव्हा मोगरा तोडायचा असतो, कुंड्यांना दोनदा पाणी लागतं, आणि वाचायला बसलं तरी लक्ष गच्चीवर असतं. पौषात घ्यावं. मोगऱ्याची छाटणी झालेली असते, पाणी तोडलेलं असतं, हातांना काम नसतं. नोव्हेंबरच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, तिथून डिसेंबर, आणि मग उलटून जानेवारी.